सिद्रामप्पांचा चंडोल

पाखराला मोजता येत नाही, ही विद्या मला सिद्रामप्पांनी दिली. माळावर चार काठ्यांवर गोणपाट टाकून खोप करायची, तिच्यात दोघांनी शिरायचं आणि थोड्या वेळानं एकानं बाहेर येऊन खोकत, पाय आपटत, धोतर झटकत निघून जायचं. लांब ढेकळावर बसलेलं पाखरू हे बघतं, माणूस गेला असं समजतं आणि बिनघोर घरट्याशी येतं. आत दुसरा माणूस कॅमेऱ्यामागं दम धरून बसलाय हे त्याच्या डोक्यात येत नाही. सोलापुरात तीस साली मार्शल लॉ लागला, त्याच्या आधीच्या दोन उन्हाळ्यांत खोकत निघून जाणारा तो माणूस मी होतो.

आत राहायचे ते अप्पा. दोन-दोन तास मांडी मोडायचे नाहीत. घाम डोळ्यात गेला तरी पुसायचे नाहीत. खोपेतले अप्पा पाहून कुणीही त्यांना साधुपुरुष म्हटलं असतं; पण खोपेत त्यांना पाखरांशिवाय कोणी पाहिलं नाही. सोलापूरनं पाहिला तो त्यांचा हात.

बाळीवेशीजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मी शाळेत चित्रकलेचा मास्तर, आणि त्यांच्या स्टुडिओचे पडदे रंगवायचो. तळं, तळ्यात हंस, मागं राजवाड्याचा जिना. त्या जिन्यापुढं सोलापुरातले निम्मे लोक काठीवर हात ठेवून उभे राहून गेले. अप्पा तरुणपणी पैलवान. डावा कान आखाड्यात मोडून वाटाण्याच्या शेंगेसारखा मिटलेला, मान खांद्यात बसलेली आणि उजव्या हाताचा पंजा असा, की दाराला लावला तर कडीची गरज नको. फोटो काढताना गिऱ्हाईक हाललं की तो पंजा चालायचा. एकदा एका फौजदाराचा मेहुणा ऐन वेळी शिंकला. अप्पांनी त्याच्या कानफटात दिली, पुन्हा खुर्चीत बसवला, फेटा सरळ केला आणि म्हणाले, "आता शिंक बघू." तो मेहुणा त्या फोटोत असा बसलाय, की देवळातली मूर्तीसुद्धा त्याच्यापुढं चुळबुळी वाटेल. गंमत म्हणजे लोक तरी यायचेच. अप्पांच्या फोटोत कुणी हाललेलं नसायचं, ही कीर्ती जिल्हाभर होती. भीतीनं हालत नव्हते, हे फोटोत कुठं दिसतं?

ह्या हाताला मी हसायचो, तोवर मला मल्लप्पाची हकीकत माहीत नव्हती.

मल्लप्पा हा अप्पांचा धाकटा भाऊ. स्टुडिओतली अंधारी खोली त्याची. त्या वेळी फोटो काचेवर निघायचा. अप्पा काच काढायचे आणि मल्लप्पा ती तांबड्या दिव्यात धुवायचा, बारीक पेन्सिलीनं चेहऱ्यावरचे देवीचे वण पुसायचा, कागदावर छापायचा. मी गेलो तेव्हा तो पंचविशीचा असेल. ठार बहिरा. टेबलाशेजारी खिळ्याला पाटी टांगलेली. ज्याला बोलायचं असेल त्यानं लिहायचं. ओठ बघून त्याला बरंचसं कळायचंही. तो स्वतः क्वचित बोलायचा, आणि बोलला की आवाज रिकाम्या हौदात बोलल्यासारखा यायचा.

तो जन्माचा बहिरा नव्हता. मी स्टुडिओत जायला लागलो त्याच्या वर्षभर आधी अप्पा अक्कलकोटच्या बाजूला एका बड्या व्यापाऱ्याच्या लग्नाचे फोटो काढून आले. भर दुपारी, उघड्या मांडवापुढं काढलेल्या बारा काचा. मल्लप्पानं धुतल्या, तर बाराही काचांवर वरच्या कोपऱ्यातून खाली उतरलेला काळा पट्टा. उजेड लागलेला. कुठं नवरीच्या तोंडावर, कुठं भटजींच्या डोक्यावर. लग्न काही परत लागणार नव्हतं. अप्पांच्या डोक्यात राख गेली. "काचा वल्ल्या असताना दार उघडलंस तू!" मल्लप्पा म्हणाला, "न्हाय, अण्णा." अप्पांनी दोन्ही पंजे एकदम त्याच्या दोन्ही कानांवर हाणले. आखाड्यात हा मार कुणी मारत नाही, मारला तर पंच कुस्ती थांबवतात. कानांतून रक्त आलं, मग ताप, मग पू. दिवाळीपर्यंत दोन्ही कान गेले.

आणि ह्या मल्लप्पाची शीळ म्हणे गावात प्रसिद्ध होती. कुंभारीला त्यांची जमीन. लहानपणी दोघं भाऊ राखणीला जायचे तेव्हा मल्लप्पा चंडोलासारखी, दयाळासारखी शीळ घालायचा आणि पाखरं फसून जवळ यायची. कान गेले त्या दिवसापासून शीळ बंद.

गावात ही गोष्ट ज्यानं ज्यानं मला सांगितली त्यानं शेवटी एकच वाक्य जोडलं: "मारलं ते वाईटच, पण दार उघडायचं असतं का?" मीही तसंच धरून चाललो होतो.

त्या मारानंतर अप्पांनी लग्नाचे फोटो सोडले. लगीनसराईत बाकीचे फोटोग्राफर मांडवोमांडवी पळायचे आणि अप्पा गिऱ्हाईकाला सांगायचे, "पाडव्यापासनं मिरगापतुर मी न्हाय." गिरणीतला एक साहेब विलायतेला परत जाताना त्याची जुनी मोटार त्यांनी घेतली होती. टप फाटलेला, बसायची गादी उन्हात तव्यासारखी तापायची. शाळेला सुट्टी लागली की सकाळी सहाला ती माझ्या दारात येऊन भोंगा वाजवायची. मागं कॅमेरा, काचांच्या पेट्या, गोणपाट, पाण्याची कातडी पिशवी आणि फडक्यात भाकरी नि शेंगाची चटणी. अप्पा मोटार हाकायचे तीही कुस्ती धरल्यासारखी. पुढं बैलगाडी आली की कानडीत शिव्या, मागं राहिली की मराठीत. एकदा होटगीच्या वाटेवर एक गाडीवान बैलाच्या शेपटीचं हाड पिरगाळताना दिसला. अप्पांनी मोटार थांबवली, उतरले, त्याचा चाबूक काढून घेतला आणि त्याच्याच पायावर चार ओढले. "शेपूट न्हाय तुला, म्हणून पाय," म्हणाले. मी मान खाली घालून बसलो. असल्या वेळी मध्ये पडायची माझी छाती नव्हती आणि आजही नाही.

त्यांना हवा होता गाणाऱ्या पाखराचा फोटो. नुसतं बसलेलं पाखरू नव्हे. चोच उघडलेली, गळा फुगलेला, गळ्यावरची पिसं उभी राहिलेली. काचा संथ, चित्र उमटायला वेळ घेणाऱ्या, आणि पाखरू चंचल. गळा एवढा थरथरतो की काचेवर नुसता धुरळा उमटतो. शेकडो काचा वाया गेल्या. मी एकदा विचारलं, एवढा आटापिटा कशाला? तर म्हणाले, "मल्लूला दावायचंय. कानानं न्हाय तर डोळ्यानं ऐकंल की."

पण मल्लू बघतच नव्हता. माणसांच्या काचा तो धुवायचा, पाखरांच्या नाही. पहिल्या वेळी त्यानं पेटी परत सरकवली आणि पाटीवर लिहिलं: 'माणसं देत जा.' मग अप्पा स्वतःच मोठमोठ्या बोटांनी धुवायचे आणि निम्म्या बिघडवायचे. बऱ्या निघालेल्या काचा टेबलावर, मल्लप्पाच्या नजरेसमोर लावून ठेवायचे. मल्लप्पा त्या बाजूला सारून कुणातरी मामलेदाराच्या गालावरचे वण पुसत बसायचा. एवढा आडदांड माणूस दाराशी उभा राहून भावानं एक काच उचलावी म्हणून वाट बघायचा, ते मला बघवायचं नाही. जगात त्यांना दुसरं काहीही नको होतं. मल्लूनं एक पाखरू हातात घ्यावं, बस्स.

वकिलाची गोष्ट पहिल्या उन्हाळ्यातली. कुंभारीच्या पुढं एका पडक्या विहिरीच्या काठावर रोज सकाळी एक दयाळ येऊन गायचा. सहा दिवस अप्पा खोप थोडी थोडी पुढं सरकवत होते, पाखराला तिची सवय व्हावी म्हणून. सातव्या दिवशी दयाळ काठावर बसला, शेपटी उभारली, गायला लागला; आणि धाडकन बार झाला. गावातले एक वकील पाहुण्यांना घेऊन शिकारीला आले होते. ससा मिळाला नाही म्हणून गंमत म्हणून पाखरू उडवलं. दयाळ विहिरीच्या कठड्यावरच पडला, चोच तशीच उघडी.

गोणपाट उलथून अप्पा बाहेर आले. वकिलांना वाटलं, जमिनीतून अस्वल निघालं. अप्पांनी बंदूक नळीकडून धरली आणि विहिरीच्या दगडावर आपटून तिचे दोन तुकडे केले. मग वकिलांना कमरेच्या पट्ट्याला धरून उचललं आणि एका हातानं विहिरीवर आडवं धरलं. खाली चाळीस हात खडक आणि तळाला हिरवं पाणी. पाहुणे पळाले. मी "अप्पा, अप्पा" करत होतो.

"गाणं म्हण," अप्पा म्हणाले.

"काय?" वकील किंचाळले.

"त्याचं मधीच तोडलंस न्हवं? पुरं कर. म्हण!"

आणि वकिलांनी म्हटलं. शाळेतली प्रार्थना. विहिरीतून आवाज घुमून वर येत होता, एका जागी ओळ चुकली तर अप्पांनी ती पुन्हा म्हणायला लावली. मग त्यांना काठावर ठेवलं. वकिलांनी कधी फिर्याद केली नाही. विहिरीवर लोंबकळत आपण प्रार्थना म्हटली हे कोर्टात कोणत्या तोंडानं सांगणार? मला रात्री घरी हसू आलं, पण तिथं आलं नाही. अप्पा त्या मेलेल्या पाखराची चोच बोटाच्या टोकानं मिटत होते आणि ती परत उघडत होती. "ह्याची शीळ मल्लूला लई येत हुती," म्हणाले.

दुसऱ्या उन्हाळ्यात चंडोलाचं घरटं सापडलं. उघड्या माळावर, रुईच्या झुडपाखाली, खळग्यात तीन पिल्लं. नर जवळच्या दगडावर बसून गायचा. झुडपाची सावली मध्ये यायची म्हणून मी दोन फांद्या मोडायला गेलो, तर अप्पांनी मनगट धरलं. फांदी मोडायची नाही, सुतळीनं मागं बांधायची आणि जाताना सोडायची, हा त्यांचा नियम. मोडली तर पिल्लं उन्हानं मरतात. मनगटावर पाची बोटं आठवडाभर होती.

चौथ्या दिवशी मी खोकत निघून आलो आणि मोटारीच्या सावलीत बसलो. तेवढ्यात बाभळीवरून एक खाटीक पक्षी उतरला. पांढरा-करडा, डोळ्यावर काळी पट्टी, मुठीएवढा जीव. त्यानं घरट्यातून एक पिल्लू उचललं, बाभळीवर नेलं आणि काट्यात खोचलं. परत आला, दुसरं नेलं. आई-बाप त्याच्यावर झेपा टाकत होते, ओरडत होते. मी दगड घेऊन धावलो तोवर तिसरंही काट्यावर होतं, आणि ते अजून हालत होतं. खाटीक वरच्या फांदीवर बसून चक्क गात होता. हा पक्षी दुसऱ्यांची गाणी उचलतो; चंडोलाचंच उचललं होतं त्यानं.

खोपेत अप्पा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. मी संतापलो. "तुमच्यापासून तीन हातांवर होतं घरटं! हात का नाही हालवला? एरवी तर शिंकणाऱ्यालाही सोडत नाही!"

त्यांनी हनुवटीनं बाभळीकडं दाखवलं. "त्याला भूक हुती, मास्तर," म्हणाले. "मला काय हुतं?"

मला अर्थ लागला नाही. मी रागातच सामान आवरायला लागलो. कॅमेऱ्याचा तो घडीघडीचा कातडी भाता मिटताना वरच्या कोपऱ्यात बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. काळ्या कापडाचं नखाएवढं ठिगळ, सरसानं चिकटवलेलं. दोन वर्षं मी तो कॅमेरा उचलत होतो आणि ते कधी दिसलं नव्हतं. सहज विचारलं, "अप्पा, हे ठिगळ कधीचं?"

हात केव्हा उठला ते मला कळलं नाही. मोटारीच्या पायरीवर तोंड आपटलं. माझा वरचा एक दात त्या दिवसापासून अर्धा आहे. उठून बसलो तेव्हा तोंडात रक्त नि माती होती, आणि अप्पा माझ्यासमोर उकिडवे बसले होते.

"चवथ्या दिशी कळलं," ते म्हणाले. "लग्नाच्या काचा गेल्या त्याच्या चवथ्या दिशी. शाळेच्या पोरांचा घोळका काढला, उन्हात. त्योच पट्टा. त्याच कोपऱ्यात. भाता उजेडाला धरून बघितला, तर भोक. दाभणाच्या टोकाएवढं."

"म्हणजे मल्लप्पानं दार..."

"उघडलंच न्हवतं."

"मग तुम्ही त्याला सांगितलं?"

अप्पा बोटानं मातीत रेघा ओढायला लागले.

"तीन वर्षं? टेबलाशेजारी पाटी आहे, अप्पा. पेन्सिल आहे. एक ओळ लिहायला किती वेळ लागतो?"

"आखाड्यात कोण चीत झाला ते पंच सांगतो, मास्तर," ते म्हणाले. "पडलेला गडी सवताच्या तोंडानं सांगत न्हाय." हे ते अगदी शांतपणे, नियम सांगावा तसे बोलले, आणि मला त्यांची किळस आली. खरंच आली. हा माणूस भावाचे कान फोडून, खोटा आळ तसाच ठेवून, त्याला पाखरं दाखवत फिरत होता. त्या दिवशी मी कुंभारीपासून घरापर्यंत चालत आलो.

दुसऱ्या दिवशी अप्पा बाहेर असताना स्टुडिओत गेलो. पाटी काढली आणि लिहिलं: 'दार तू उघडलं नव्हतंस. भात्याला भोक होतं.' आपण मोठा गौप्यस्फोट करतोय असं मला वाटत होतं. मल्लप्पानं वाचलं आणि तो हसला, आवाज न करता. खालच्या खणातून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन काचा काढल्या आणि खिडकीच्या उजेडाला धरल्या. एकीत नवरा-नवरी, दुसरीत शाळेची पोरं. दोन्हीत तोच पट्टा, तसाच तिरपा.

"दार उघडलं तर आख्खी काच काळी हुती, मास्तर," तो त्याच्या त्या हौदातल्या आवाजात म्हणाला. "पट्टा येतो भोकानं. मला पहिल्या दिशीच ठावं हुतं. त्यो मारायच्या आधी सांगणार हुतो, तर दम कुटं दिला?"

'मग नंतर का बोलला नाहीस?' मी लिहिलं.

"मी का सांगू? त्यानं सांगू दे की. रोज त्याच्या तोंडाकडं बघतो, आज सांगंल, उद्या सांगंल. त्यो पाखरं आणतुय." त्यानं काचा परत गुंडाळल्या. "मला पाखरू नगं."

त्यानंतरच्या सकाळी दारात भोंगा वाजला तेव्हा जायचं नाही असं ठरवलं होतं. गेलो. अर्धा दात जिभेला लागत होता आणि ती गोष्ट पोटात राहत नव्हती. नाक्याबाहेर पडल्यावर मी सांगितलं: त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

अप्पांनी मोटार अशी दाबून थांबवली की ती आडवी होऊन चरात गेली. ते उतरले, पुढं आले आणि दोन्ही मुठींनी मोटारीच्या नाकाडाचा पत्रा ठोकायला लागले. मी पुष्कळ मारामाऱ्या पाहिल्या, एवढी भयंकर पाहिली नाही, कारण समोर कुणीच नव्हतं. पत्रा आत गेला, बोटांची सालं निघाली, पत्र्यावर रक्ताचे ठसे उठले. दोन गाडीवान लांबूनच वाट वाकडी करून गेले. दम संपला तेव्हा त्यांनी विचारलं, "पहिल्या दिशीच?"

"हो."

"आन तीन वर्सं माज्या तोंडाकडं बघत बसला." त्यांनी तोंडावरून हात फिरवला, रक्त गालाला लागलं. "आन मी त्याला पाखरं दावतुय."

मग मागं जाऊन त्यांनी कॅमेरा काढला, भाता ताणला आणि नखानं ते ठिगळ ओरबाडून काढलं. मला वाटलं, आता कॅमेराच फोडणार. पण ते म्हणाले, "चला."

घरट्यात काहीच उरलं नव्हतं, पण तो चंडोल दगड सोडून गेला नव्हता. पाखराची जात, पिल्लं गेली की दुसऱ्या दिवशी पुन्हा गाऊन जागा राखायला लागते. ऊन चढलं होतं. एरवी अप्पा कॅमेऱ्यावर काळं फडकं टाकायचे. आज ते काढून टाकलं आणि खोपेचं गोणपाटही वरून फाडलं, सरळ ऊन भात्यावर पडावं म्हणून. मी खोकत निघून आलो. लांबून मला फक्त गाणं ऐकू येत होतं, आणि मध्येच एक खट्ट. एकच काच काढली त्यांनी.

दुपारी स्टुडिओत मल्लप्पा पेन्सिलीला टोक करत होता. अप्पांनी काचेची पेटी त्याच्यापुढं ठेवली, कॅमेरा शेजारी ठेवला आणि तोंड त्याच्याकडं करून म्हणाले, "पाखरू हाय. धू."

मल्लप्पानं पेटी परत सरकवायला हात उचलला आणि मग त्याची नजर भात्यावर गेली. त्यानं भाता खिडकीकडं फिरवला, आत डोळा लावला. ठिगळाच्या जागी सरसाचा पिवळा डाग होता आणि मध्ये उजेडाचा ठिपका. त्या ठिपक्यावर त्यानं बोट ठेवलं, काढलं, परत ठेवलं. मग पेटी घेऊन आत गेला.

आम्ही बाहेर उभे. अप्पांच्या हातांवर माश्या बसत होत्या, ते हाकलत नव्हते. मल्लप्पा काच घेऊन आला तेव्हा तिच्यावरून पाणी गळत होतं. उजेडाला धरली. चंडोल होता. शेंडी उभी, चोच उघडी, गळ्यावरचं एकेक पीस मोजावं असं. इतका स्पष्ट फोटो अप्पांनी आयुष्यात काढला नव्हता. आणि वरच्या कोपऱ्यातून उतरून शेपटीला टेकलेला काळा पट्टा.

मल्लप्पानं काच पाण्याच्या थाळीत ठेवली. फडक्याला हात पुसले, बोटन्‌बोट. मग येऊन त्यानं दोन्ही पंजे अप्पांच्या दोन्ही कानांवर हाणले.

समोरच्या दुकानातला शिंपी दारात आला, एवढा आवाज झाला. अप्पांनी हात पाठीमागं नेले आणि एकानं दुसऱ्याचं मनगट पकडून ठेवलं. मल्लप्पानं परत मारलं. तिसऱ्या वेळी अप्पांचे गुडघे वाकले आणि ते माझ्या हंसाच्या पडद्यापुढं खाली बसले. मला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

"भोक माज्या भात्याला हुतं," अप्पा खाली बसूनच म्हणाले. "तू दार उघडलं न्हवतंस, मल्लू."

"मला कशाला सांगतोस? मला ठावं हाय," मल्लप्पा म्हणाला. "गावाला सांग." आणि तो थाळीतली काच बघायला आत गेला, कारण ती जास्त वेळ पाण्यात राहून चालत नाही.

आठवड्यानं तो फोटो दुकानाच्या दर्शनी काचेत लागला. हातभर मोठा, चौकटीत. मामलेदाराच्या गालावरचा वणही न ठेवणाऱ्या मल्लप्पानं त्यावर पेन्सिल लावली नव्हती. काचेवरचा काळा पट्टा कागदावर पांढरा झाला होता आणि लांबूनसुद्धा पाखराआधी तोच दिसायचा. येणारा प्रत्येकजण त्याच्याबद्दल विचारणार, हे उघड होतं. विचारायचेच.

अप्पांचा हात थांबला असं मी म्हणणार नाही. त्याच महिन्यात मोटार पुसणाऱ्याला त्यांनी गुच्चा घातल्याचं मी ऐकलं. पाखरांच्या मागं जाणं मात्र बंद झालं आणि माझंही जाणं कमी झालं. पुढच्या वर्षी माझी बदली बार्शीला झाली. निघायच्या दिवशी रंगाचे कुंचले न्यायला स्टुडिओत गेलो, तर आत करकंबकडचं एक म्हातारं जोडपं फोटो काढायला आलेलं. अप्पा म्हातारीच्या खांद्यावरचा पदर नीट करत होते. मल्लप्पा टेबलाशी.

म्हातारा दर्शनी काचेकडं बघत म्हणाला, "पाखरू झ्याक हाय, अप्पा. आत्ता गातंय म्हनावं. पर ह्यो पांडरा पट्टा कसला वो?"

अप्पांनी पदर सोडला आणि ते पडद्याकडं वळून, पडद्याची दोरी ओढत बोलायला लागले. "माज्या भात्याला भोक हुतं. मी भावाला मारलं, म्हनलं त्यानं दार..."

मल्लप्पानं पेन्सिलीच्या मागच्या टोकानं टेबलावर टकटक केलं.

"हिकडं तोंड करून सांग, अण्णा," तो म्हणाला. "दिसत न्हाय."

अप्पांनी दोरी सोडली. ते वळले, मल्लप्पाच्या समोर नीट उजेडात येऊन उभे राहिले, आणि पहिल्यापासून सांगायला लागले.